मदत हवी आहे : रोज सकाळी वायफाय अ‍ॅडॉप्टर ‘कोड १०’ दाखवतो, रीस्टार्ट केलं की गपगुमान चालतो

मंडळी, धागा जरा लांबलाय, पण सगळं आधीच सांगितलं की ‘रीस्टार्ट करून बघा’ हा प्रतिसाद तरी वाचेल. कारण माझी अडचणच ती आहे. रीस्टार्ट केलं की सगळं व्यवस्थित चालतं!

घरचा डेस्कटॉप आहे. २०१७ साली असेंबल करून घेतलेला, सातव्या जनरेशनचा आय-थ्री, विंडोज १०. राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर माजघरात आणि मधे जुन्या घराची दीड फुटी भिंत, म्हणून केबल न ओढता आत वायफायचं कार्ड बसवून घेतलं होतं. इतकी वर्षं कुरकुर नाही. गेल्या महिन्यापासून मात्र सकाळी चालू केला की खाली उजवीकडे वायफायच्या जागी पृथ्वीचा गोळा आणि त्यावर फुली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण, आणि उघडलं की ‘धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड १०’. रीस्टार्ट केलं की दिवसभर उत्तम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सातला माझी दहावीची शिकवणी असते, नोट्स सगळ्या ड्राइव्हवर, आणि पोरं गोल करून बसलेली.

आतापर्यंत केलेले उद्योग : ड्रायव्हर (म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकला (मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरलं). नेटवर्क रीसेट केलं, त्यात साठवलेले वायफायचे पासवर्ड तेवढे उडाले. मग दुकानात नेला. तिथेही लावल्या लावल्या एरर आला, त्यांनी रीस्टार्ट केला तर चालला. दुकानदाराचं निदान : मदरबोर्डचा स्लॉट (कार्ड बसतं ती खाच) गेला, साडेचार हजार. मी ‘घरी विचारून सांगते’ म्हणून सीपीयू उचलून आणला.

स्लॉट गेला असेल तर रीस्टार्टनंतर दिवसभर कसा चालेल, हे कुणी समजावेल का?

प्रतिसाद १
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फॉरमॅट मारा आणि ११ टाका. एवढं संशोधन कशाला?

धागाकर्ती
११ ला आठव्या जनरेशनपासूनचे प्रोसेसर लागतात हो. माझा सातवा. एका इयत्तेने नापास.

प्रतिसाद २
सीपीयू उघडा. वायर काढून, आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग कार्ड बाहेर काढा. सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि पुन्हा घट्ट बसवा. दमट हवेत हे दात काळवंडतात. अँटेनाही हाताने आवळून बघा, पण ती सैल असेल तर रेंज कमी येते, कोड १० येत नाही.

धागाकर्ती
केलं. पालीची दोन अंडी आणि एक शर्टाचं बटण निघालं. सकाळी पुन्हा त्रिकोण.

प्रतिसाद ३
आयपी किती येतोय? १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटर पत्ताच देत नाहीये.

प्रतिसाद ४
@३, तो प्रश्न इथे लागू नाही. १६९.२५४ दिसायला कार्ड जागं तर हवं. हे उठतच नाहीये.

ताई, दोनच प्रश्न. रात्री नुसतं शट डाउन करता की भिंतीवरचं बटणही बंद करता? आणि गेल्या महिन्यात घरात काय बदललं?

धागाकर्ती
भिंतीवरचं बटण मी कधीच बंद करत नव्हते. पण वळीव सुरू झाल्यापासून सासूबाई झोपण्याआधी सगळ्या खोल्यांमधली बटणं बंद करत फिरतात. त्यांच्या माहेरी वीज पडून टीव्ही जळाला होता. त्याचा इथे काय संबंध?

प्रतिसाद ४
तोच तर संबंध आहे. दुकानात नेतानाही वायर काढली होतीत ना? म्हणून तिथेही पहिल्या झटक्यात एरर आला.

विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते आणि बहुतेक मशिनवर ती आपोआप चालू असते. तुम्ही शट डाउन करता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे हार्ड डिस्कवर लिहून ठेवले जातात. सकाळी तेच उचलून पुढे चालू. म्हणजे मशिन झोपतं, मरत नाही. भिंतीचं बटण चालू असेल तर कार्डालाही रात्रभर थोडी वीज मिळत राहते. बटण बंद झालं की कार्ड पार कोरं होतं, आणि डिस्कवरून उठलेला ड्रायव्हर मात्र कालचंच धरून बसतो. चांगला ड्रायव्हर सावरून घेतो, काही जुने गडबडतात. रीस्टार्टला मात्र फास्ट स्टार्टअप लागू नाही, तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून तुमचं रीस्टार्टने भागतं.

खात्री करायची असेल तर सकाळी चालू केल्या केल्या टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि ‘अप टाइम’ वाचा. मग सेटिंग न बदलता तीन रात्री बघा. एकदा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा (तेव्हा मशिन खरंच पूर्ण बंद होतं) आणि बटण बंद. एकदा नेहमीचं शट डाउन, बटण चालू. एकदा नेहमीचं शट डाउन, बटण बंद.

धागाकर्ती
काल रविवार, कॉम्प्युटर लावलाच नव्हता. आज सकाळी चालू करून दोन मिनिटं झाली नाहीत तर अप टाइम २:००:१४:०९! दोन दिवस चौदा मिनिटं. शनिवारी सकाळी रीस्टार्ट केला होता, तेव्हापासूनचा हिशेब. मी दोनदा डोळे चोळले.

तीन रात्रींचा निकाल टाकतेच.

धागाकर्ती
शिफ्ट + बटण बंद : वायफाय आला. नेहमीचं + बटण चालू : आला (त्या रात्री सासूबाईंना बटणाजवळ फिरकू दिलं नाही, फार वाईट वाटलं त्यांना). नेहमीचं + बटण बंद : पिवळा त्रिकोण.

मग आता बटण चालूच ठेवायचं का?

प्रतिसाद ४
अजिबात नाही. सासूबाईंचं बरोबर आहे. विजांच्या दिवसांत खरं तर प्लगच काढावा आणि राउटरचाही काढावा. बदलायचं ते कॉम्प्युटरमध्ये. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ (हे दाबल्याशिवाय खालचं पुसटच राहतं), आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची टिक काढून सेव्ह. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ती टिक परत आलेली दिसू शकते, लक्ष ठेवा.

प्रतिसाद ५
माझ्या लॅपटॉपला झाकण मिटून उघडलं की असंच होतं. हाच उपाय?

प्रतिसाद ४
नाही, ते स्लीप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब बघा, वीज वाचवायला कॉम्प्युटरला हे डिव्हाइस बंद करू देण्याची टिक काढा. भागलं नाही तर वेगळा धागा काढा.

धागाकर्ती
आज सहावा दिवस, त्रिकोण नाही. चालू व्हायला आता मिनिटभर जास्त लागतं, जुनी हार्ड डिस्क आहे, चालायचंच. तेवढ्यात चहा होतो. दुकानदाराला फोन करून ‘घरी नको म्हणाले’ एवढंच कळवलं.

सासूबाईंना सांगितलं, आता खुशाल बटण बंद करा. त्या म्हणाल्या, ‘मी तर मधल्या त्या रात्रीही तू झोपल्यावर करणार होते, पण दार वाजतं म्हणून राहिलं.’