शब्दचर्चा : ‘वादग्रस्त मुलाखतकाराची कारकीर्द’ यातला कोणता शब्द बरोबर?

विचारणा (चोपडा)

आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात मी परदेशातल्या चर्चेतल्या माणसांवर एक सदर लिहिते. या खेपेला इंटरनेटवर लांबलचक मुलाखतींचा पॉडकास्ट करणारा अमेरिकेचा ‘जो रोगन’ (Joe Rogan) घेतला आणि मथळा दिला : ‘वादग्रस्त मुलाखतकाराची कारकीर्द’. मुद्रितं तपासणाऱ्या निवृत्त गुरुजींनी तिन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात ‘नक्की?’ एवढंच लिहून पान परत पाठवलं. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी मला ते कळायला हवं, म्हणून इथे विचारते.

चर्चा हवेत राहू नये म्हणून माणसाची माहिती देते. जन्म १९६७, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा. बॉस्टनमध्ये स्टँड-अप करत वर आला. १९९७ पासून यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट स्पर्धेच्या झुंजींमध्ये लढवय्यांना पडद्यामागे गाठून त्यांच्या मुलाखती घ्यायचा. पुढे टीव्हीवर भीतीदायक कसरतींच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं. डिसेंबर २००९मध्ये एका मित्रासोबत पॉडकास्ट सुरू केला, एकेक भाग दोन-तीन तासांचा. २०२०मध्ये गाणी आणि पॉडकास्ट ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीने तो स्वतःकडे घेतला. तेव्हा करार १० कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या, नंतरच्या बातम्यांत तो आकडा किमान २० कोटींवर गेला. २०२१च्या अखेरीस त्याने कोरोना लशींवर शंका घेणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट मलोन यांना बोलावलं आणि त्यांच्या विधानांवर सुमारे २७० डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि अभ्यासकांनी स्पॉटिफायला खुलं पत्र लिहिलं. नील यंग आणि जोनी मिचेल या गायकांनी आपली गाणी तिथून काढून घेतली. त्याच सुमारास जुन्या भागांत त्याने वापरलेले वंशद्वेषी शब्द कोणीतरी एकत्र करून समोर आणले, त्याने माफी मागितली आणि सत्तरच्या आसपास भाग उतरवले गेले. ऑक्टोबर २०२४मध्ये डोनाल्ड ट्रम्प त्याच्यासमोर जवळजवळ तीन तास बसले आणि मतदानाच्या आदल्या दिवशी त्याने ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला.

आता सांगा, वादग्रस्त म्हणू का? मुलाखतकार म्हणू का? आणि कारकीर्द म्हणू का?

जळगाव

ताई, मी आकाशवाणीच्या जळगाव केंद्रासाठी बरीच वर्षं नैमित्तिक निवेदन केलं आहे, म्हणून मधल्या शब्दापासून सुरुवात करतो.

‘मुलाखत’ अरबीतून आला. मुलाकात म्हणजे भेट. हिंदीत तो अजून भेटच आहे. मराठीत प्रश्नोत्तरांचा अर्थ वरचढ झाला, पण जुना अर्थ तुरुंगात टिकून आहे. कैद्याच्या घरचे ‘मुलाखतीला’ जातात तेव्हा तिथे कोणी प्रश्नावली घेऊन बसलेलं नसतं. त्यामुळे नुसतं समोरासमोर बसून बोलणंही शब्दाच्या मुळाशी धरून मुलाखतच ठरतं.

खरा पेच क्रियापदात आहे. आपण मुलाखत ‘घेतो’ आणि ‘देतो’. नोकरीला गेलेला मुलगा म्हणतो, ‘मुलाखत देऊन आलो’, ते देणं परीक्षा देण्यातलं. मंत्रीही ‘मुलाखत देतात’, पण ते देणं वेळ देण्यातलं, दर्शन देण्यातलं. शब्द तोच, पण एकीकडे देणारा खाली आणि दुसरीकडे देणारा वर. मुलाखतकाराचं सगळं कसब यात आहे की समोरचा दर्शन द्यायला आला असला तरी त्याला परीक्षा द्यायला लावायची.

रेडिओवर आम्ही यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांशी बोलायचो. पाहुणा पहिल्या झटक्यात सांगायचा, ‘करपा आला होता, औषध मारलं, गेला.’ इथे मान डोलावून पुढच्या प्रश्नाला गेलं तर त्या गप्पा झाल्या. विचारायचं असतं की बाग कोणती, मृगबाग की कांदेबाग? पान कोणत्या बाजूने पिवळं पडलं? औषध कोणतं, पंपाला किती? पहिल्या फवारणीनंतर किती दिवसांनी दुसरी? चौथ्या प्रश्नाला पाहुणा थांबतो आणि सांगतो की पहिल्यांदा प्रमाण चुकलं होतं. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला तेवढंच वाक्य हवं असतं.

धुळे

सरांनी छान मांडलं. मी वकिली करतो. न्यायालयात याला फार नेमके शब्द आहेत आणि ते या माणसाला चपखल लागू पडतात.

साक्षीदाराला आणणारा पक्ष त्याची ‘सरतपासणी’ घेतो. साक्षीदाराने आपल्या तोंडाने आपली हकीकत सांगायची, उत्तर सुचवणारा प्रश्न तिथे सहसा चालत नाही. मग विरुद्ध बाजू ‘उलटतपासणी’ घेते. तिथे सूचक प्रश्न चालतो, जुनं विधान पुढे टाकता येतं, कागद दाखवता येतो. उलटतपासणी झाल्याशिवाय साक्षीला वजन येत नाही.

रोगनचे बहुतेक भाग सरतपासणीचे आहेत. पाहुण्याला मोकळं सोडायचं आणि ऐकायचं. लढवय्या, जादूगार, शिकारी, खगोलशास्त्रज्ञ यांच्याबाबतीत हे फार छान वठतं, कारण तिथे कोणाचं काही बिघडत नाही. पण त्याला उलटतपासणी येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. ऑक्टोबर २०२१मध्ये सीएनएनचे डॉक्टर संजय गुप्ता त्याच्याकडे गेले होते. रोगनला नुकताच कोरोना होऊन गेला होता, त्याने घेतलेल्या औषधाला सीएनएनने घोड्यांचं जंतनाशक म्हटलं होतं. त्याने गुप्तांना त्या एका मुद्द्यावर असं धरून ठेवलं की वाहिनीने तसं म्हणायला नको होतं, हे त्यांना कबूल करावं लागलं. ती अस्सल उलटतपासणी होती आणि मुद्दाही त्याचा रास्त होता. दोन-अडीच महिन्यांनी मलोन आले. तेव्हा तोच माणूस, तोच माइक, तेवढेच तास, पण सरतपासणी. लशीवर शंका घेणाऱ्याला मोकळं रान आणि लशीच्या बाजूने बोलणाऱ्याला पिंजरा. माझा आक्षेप इथे आहे.

म्हणून ‘मुलाखतकार’ शब्द चालेल. पण लेखात हा फरक आला पाहिजे.

शिरपूर

अहिराणीत हे दोन क्रियापदांत निभतं. आमच्या आजी टीव्हीवर एखादा नेता आणि त्याच्यासमोर हसत बसलेला निवेदक पाहून म्हणायच्या, ‘तो इचारी नही ऱ्हायना, बोली ऱ्हायना.’ विचारत नाहीये, बोलतोय. मला वाटतं ‘मुलाखतकार’ की ‘संवादक’ हे प्रत्येक भागापुरतं ठरवावं. ट्रम्प यांच्या त्या तीन तासांत बोलणं बरंच होतं आणि इचारणं थोडं होतं, हे मी पूर्ण ऐकून म्हणते आहे.

जळगावच्या सरांच्या मुद्द्याला धरून आणखी एक. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांची मुलाखत ठरता ठरता राहिली. रोगनचं म्हणणं असं की त्यांच्याकडून तासाभराची वेळ मिळत होती आणि त्याने त्यांच्याकडे जायचं होतं, त्याला मात्र टेक्सासमधल्या आपल्या स्टुडिओतच आणि सविस्तर बोलायचं होतं. कोण कोणाकडे जाणार, यावर भेट मोडली. म्हणजे मुलाखत देणारा वर की घेणारा वर, हा प्रश्न अमेरिकेतही तसाच होता. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ज्याच्या दारी येतात त्याची जबाबदारी रिंगणामागच्या मुलाखतकाराइतकीच राहील का?

नंदुरबार

‘वादग्रस्त’वर कोणीच आलं नाही. मला त्यावर बोलायचं आहे, आणि जरा कळकळीने.

‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. ‘घास’ त्याच घरातला. पंचांगात ‘ग्रस्तोदित’ असतं, म्हणजे चंद्र उगवतानाच ग्रहण लागलेला. मराठीत ज्याला ग्रस्त लागतं तो भोगणारा असतो : पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कोशातला नाही, घरातला आहे. उकाई धरणाचं पाणी नवापूर-नंदुरबारच्या गावांत चढलं, सरदार सरोवराचं पाणी अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी चढलं. लोकांच्या ट्रंकेत ‘प्रकल्पग्रस्त’ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असतो. त्या दाखल्याचा अर्थ असा की या माणसाने काही केलं नाही, याच्यावर ओढवलं.

आता ‘वादग्रस्त मुलाखतकार’ वाचा. वाद जणू कुठून तरी आला आणि या बिचाऱ्याला गिळून गेला. वाक्यातून करणारा गायब झाला, उरला तो सोसणारा. वंशद्वेषी शब्द कोणी उच्चारले? मलोन यांना प्रतिप्रश्न न करता लाखो लोकांपर्यंत कोणी पोचवलं? ‘वादग्रस्त’ लिहिलं की यातलं काहीच सांगावं लागत नाही, आणि न्यायही द्यावा लागत नाही. कारण हाच शब्द निर्दोष माणसालाही डाग लावतो. त्याने काय केलं हे न सांगता काहीतरी केलंय एवढं सुचवतो. दोन्हीकडून अन्याय.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये पॉडकास्ट करणाऱ्या रणवीर अलाहाबादियाने एका विनोदी कार्यक्रमात स्पर्धकाला आई-वडिलांवरून अश्लील प्रश्न विचारला. गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिलं पण कार्यक्रम करण्यावर बंदी घातली आणि मार्चमध्ये सभ्यतेच्या अटीवर पॉडकास्ट पुन्हा करू दिला. बातम्यांत तो ‘वादग्रस्त यूट्यूबर’ झाला. ज्याने फक्त मथळा वाचला त्याला वाटेल की त्याने कोणाची वादग्रस्त मुलाखत घेतली. तो प्रश्न त्याच्या पॉडकास्टमधला नव्हता, तिथे तो परीक्षक म्हणून पाहुणा होता. एवढा साधा तपशील त्या एका विशेषणाने खाल्ला.

धुळे

ताई, भावना पोचली, पण एक बाजू मांडतो. ‘वादग्रस्त जमीन’ आपण रोज म्हणतो. बांधावरून भांडण दोन भावांचं असतं, जमिनीने काही सोसलेलं नसतं. तिथे अर्थ ‘जिच्याबद्दल वाद चालू आहे ती’ एवढाच. दाव्यातही ‘वादातील मिळकत’ लिहितात. म्हणजे ग्रस्तचा भोगण्याचा अर्थ सगळीकडे ताणता येत नाही.

नंदुरबार

मान्य. जमिनीला चालतो, विधानाला चालतो, निर्णयाला चालतो, कारण यातलं काहीच स्वतःहून हालचाल करत नाही. माणूस करतो. म्हणून ‘वादग्रस्त विधान’ लिहा, ‘वादग्रस्त माणूस’ लिहू नका, एवढंच माझं म्हणणं.

अमळनेर

वकीलसाहेब आणि ताई दोघेही ‘ग्रस्त’वर बोलले, मी ‘वाद’वर बोलतो. आमच्या गावात १९१६पासून प्रताप तत्त्वज्ञान मंदिर आहे, तिथल्या ग्रंथालयात बसून न्यायसूत्रं वाचायचा योग मला आला.

न्यायशास्त्र चर्चेला ‘कथा’ म्हणतं आणि तिचे तीन प्रकार करतं. ‘वाद’ म्हणजे खरं काय ते शोधण्यासाठी, प्रमाणांना धरून केलेली चर्चा. गुरुशिष्यांत होते ती. ‘जल्प’ म्हणजे जिंकण्यासाठी केलेली, त्यात शब्दच्छल आला, प्रतिपक्षाला अडवणं आलं. ‘वितंडा’ म्हणजे आपली बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची खोडायची. तिघांत वाद सर्वांत वरचा. आज मराठीत ‘वाद घालू नकोस’ म्हणजे भांडू नकोस. इतका तो शब्द खाली आला.

या मापाने पाहिलं तर रोगनबद्दलची तक्रार उलटी निघते. मलोन यांच्या भागात वाद झाला हे चुकलं नाही. वाद झालाच नाही, हे चुकलं. दुसरा पक्ष हजरच नव्हता. आणि त्याचे टीकाकार पुष्कळदा वितंडेवर उतरले, त्याचं काय खोटं ते सांगितलं पण लोक तीन-तीन तास त्यालाच का ऐकतात याचं उत्तर त्यांनी मांडलं नाही. ३० जानेवारी २०२२च्या चित्रफितीत त्याने स्वतः म्हटलं की असे पाहुणे बोलावल्यावर वेगळं मत असलेले तज्ज्ञही लगेच बोलवायचा प्रयत्न करीन. हे कबूल करणं म्हणजे वादाची गरज कबूल करणंच आहे. ते त्याने किती पाळलं, हा ताईंच्या लेखाचा खरा विषय व्हायला हवा.

भुसावळ

‘कारकीर्द’ फारसीतून आला. जुना अर्थ अमदानी, कारभाराचा काळ. अमक्या राजाची कारकीर्द, तमक्या कलेक्टरची कारकीर्द. आता खेळाडूची, नटीचीही असते, त्यात चूक नाही. आमच्या रेल्वेत मात्र कोणी कारकीर्द म्हणत नाही, नोकरी किंवा फार तर सर्व्हिस. रोगनला वापरा.

चोपडा

सगळ्यांचे आभार. गुरुजींना चर्चा वाचून दाखवली. त्यांची शंका मुख्यतः पहिल्या शब्दावर होती. नवा मथळा ‘जो रोगन : मुलाखती आणि आक्षेप’. गुप्ता आणि मलोन यांचे दोन्ही भाग शेजारी ठेवून लिहिते आहे, ‘सरतपासणी’ आणि ‘उलटतपासणी’ हे शब्द वकीलसाहेबांच्या परवानगीने उचलले.

जाता जाता एक. पॉडकास्ट ‘तो’ की ‘ते’? आमच्याकडे दोन्ही ऐकू येतं.

जळगाव

‘तो पॉडकास्ट’ रुळलाय, तोच ठेवा. शब्द २००४चा, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून केलेला. त्यातल्या ब्रॉडकास्टचा मूळ अर्थ शेतातला आहे, बी हाताने विखरून टाकणं. आपण त्याला फोकून पेरणं म्हणतो. ताई, लेखात वापरायचं असेल तर वापरा.