सी मध्ये एचटीटीपी रिक्वेस्ट पार्स करायला (तोडून अर्थ लावायला) काय वापरावं? (छोटा बोर्ड, बजेट शून्य)

चुकलेला_पॉइंटर
मंडळी, सल्ला हवाय. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारा छोटा बोर्ड आहे, रॅम 64 एमबी. गोदामातल्या सेन्सरचं तापमान आणि आर्द्रता ब्राउझरला दाखवायची आणि पोस्टने दोन-चार सेटिंग घ्यायच्या, एवढंच काम. सॉकेटपासून अ‍ॅक्सेप्टपर्यंत सगळं ठीक. पुढे सी-च्या स्ट्रटॉक फंक्शनने ओळी तोडतोय. कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं टूल) मारलं की झकास चालतं, फोनच्या ब्राउझरवरून मात्र कधी कधी अर्धेच हेडर हाती लागतात.
अटी: पैसे शून्य. बोर्ड गिऱ्हाइकाकडे जाणार, म्हणून जीपीएल (सोर्स कोडही द्यायला लावणारं लायसन्स) नको. भाषा सी-च. लायब्ररी सुचवा, नाहीतर हाताने कसं लिहायचं ते सांगा.

कोथरूडचा_कर्नल
रस्ट भाषा. तिची हायपर लायब्ररी. विषय संपला.

मेमरी_गळती
कर्नलसाहेब, "भाषा सी-च" ही अट तिसऱ्या परिच्छेदात नाही, तिथेच समोर आहे.
चुपॉ, पिकोएचटीटीपीपार्सर घे. काझुहो ओकूंचं, एचटूओ सर्व्हरमध्ये तेच आहे. एक .सी आणि एक .एच फाइल, लायसन्स एमआयटी, मॅलॉक (चालताना मेमरी मागणं) नाही. नाव आणि व्हॅल्यू कॉपी न करता तुझ्याच बफरमधले पॉइंटर आणि लांबी देतं. त्यामुळे स्ट्रिंगच्या शेवटी शून्य नसतं हे लक्षात ठेव, थेट स्ट्रसीएमपीने तुलना केलीस तर पुढच्या हेडरमध्ये घुसशील. उत्तर धन आलं तर तितके बाइट वाचून झाले, -1 म्हणजे रिक्वेस्ट बिघडलेली, -2 म्हणजे अजून यायचंय.

सदाशिव_पेठी_सॉकेट
+1 पिको.

निवृत्त_स्विचवाला
लायब्ररी कुठलीही घ्या, दुखणं तिथे नाहीच. टीसीपी हा बाइटांचा प्रवाह आहे. एका रिसीव्हमध्ये एक पूर्ण रिक्वेस्ट येईल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. कर्ल साध्या गेटला होस्ट, यूजर-एजंट, अ‍ॅक्सेप्ट एवढेच हेडर पाठवतं, ते एका पाकिटात मावतात. फोनचा ब्राउझर कुकी, भाषा, एन्कोडिंग असं बरंच जोडतो. मग रिक्वेस्ट दोन पाकिटांत विभागते, किंवा तुमचं बफरच पुरत नाही. सीआर-एलएफ (ओळ संपल्याची खूण) लागोपाठ दोनदा दिसेपर्यंत बफरमध्ये भरत राहायचं, पार्सिंग त्यानंतर. आम्ही टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लिहायचो तेव्हा हे शिकाऊ मुलाला पहिल्या आठवड्यात कळायचं. आता सगळे फ्रेमवर्कच्या कडेवर.

उसगावचा_पाहुणा
एलएलएचटीटीपी बघ. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या 12 व्या आवृत्तीपासून (2019) त्याचा डीफॉल्ट पार्सर तोच. गंमत म्हणजे मूळ टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलंय आणि त्यातून सी तयार होतं. आमच्या टीममध्ये वापरतो, लोड टेस्टला कधी दगा नाही.

सदाशिव_पेठी_सॉकेट
नोडचा तो जुना एचटीटीपी-पार्सर पण मस्त आहे. मी वापरलाय.

उसगावचा_पाहुणा
तो आता कुणी सांभाळत नाही. म्हणून तर एलएलएचटीटीपी आलं.

सदाशिव_पेठी_सॉकेट
सांभाळत नाही म्हणजे बिघडला असं नाही. इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या पार्सरवरून घेतलेला आहे तो, उगाच नाही.

उसगावचा_पाहुणा
बरं. बाकी चालू द्या.

गोरेगावकर_काका
आम्ही मंगूस या वेब सर्व्हर लायब्ररीचं कमर्शियल लायसन्स घेतलं. पैसे वसूल, सपोर्ट उत्तम. स्वस्तातलं शोधत बसण्यापेक्षा एकदाच घ्या आणि मोकळे व्हा.

चुकलेला_पॉइंटर
काका, बजेट शून्य आहे हो.

गोरेगावकर_काका
गिऱ्हाइकाकडून घ्या की मग.

मेमरी_गळती
काका, फुकटात त्याच घराण्यातलं हवं असेल तर सिव्हेटवेब आहे. 2013 मध्ये मंगूसमधून फुटून निघालं, एमआयटी. पण तो आख्खा सर्व्हर झाला, इथे फक्त पार्सर हवाय.

राउटर_दुरुस्ती_केंद्र
ओपनडब्ल्यूआरटीत यूएचटीटीपीडी हा वेब सर्व्हर बहुतेक आधीच चालू असतो, त्याला सीजीआय (दर रिक्वेस्टला बाहेरचा प्रोग्राम चालवणं) येतं. मेथड, क्वेरी स्ट्रिंग, कंटेंट-लेंग्थ (मजकुराची लांबी) आणि नेहमीचे हेडर एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये मिळतात. गेटएन्व्ह करायचं, संपलं. पार्सर लिहायचाच कशाला?

शंकेखोर_बाइट
सुरक्षेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.
कंटेंट-लेंग्थ एटोआयने (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) वाचू नकोस, मोठा आकडा आला की काय होईल ते सांगता येत नाही. स्ट्रटूयूएलही सावधपणे, कारण ते "-1" निमूट घेतं आणि अवाढव्य धन आकडा देतं. आधी सगळे अंकच आहेत ना ते तपास, मग मर्यादा लाव. हेडरचं नाव आणि कोलन यांच्यामध्ये जागा असेल तर 400 (रिक्वेस्ट चुकीची). एचटीटीपी 1.1 आणि होस्ट नाही, तरी 400. हे माझं मत नव्हे, आरएफसी 9112 (एचटीटीपी 1.1 चा मानक दस्तऐवज) मध्ये आहे. ट्रान्सफर-एन्कोडिंग (मजकूर तुकड्यांत येतोय वगैरे सांगणारा हेडर) आणि कंटेंट-लेंग्थ दोन्ही आले तर सरळ नाकार. पुढचा प्रॉक्सी एकावर विश्वास ठेवतो आणि मागचा सर्व्हर दुसऱ्यावर, त्या फटीतून रिक्वेस्ट स्मगलिंग (एका रिक्वेस्टच्या पोटात दुसरी लपवणं) होतं, 2005 पासून माहीत असलेली गोष्ट आहे. कंटेंट-लेंग्थ नसलेल्या पोस्टला 411 (लांबी द्या) देता येतो. हेडर बफरबाहेर गेले की 431 (हेडर फार मोठे).
आणि नावांची तुलना स्ट्रकेससीएमपीने. लहान-मोठी लिपी तिथे एकच.

कोथरूडचा_कर्नल
गोदामाचं तापमान हॅक करून कुणाला काय मिळणार?

शंकेखोर_बाइट
तापमान नाही, बोर्ड मिळतो. तिथून आतलं सगळं नेटवर्क.

कोथरूडचा_कर्नल
रस्टमध्ये असतं तर बफर फुटला नसता.

शंकेखोर_बाइट
स्मगलिंग बफर फुटल्याने होत नाही.

रात्रपाळी
एक महत्त्वाचं राहिलं. क्रोम कधी कधी जास्तीचं कनेक्शन आधीच उघडून ठेवतं आणि त्यावर काहीच पाठवत नाही. तुमचा सर्व्हर एका वेळी एकच कनेक्शन घेत असेल तर तो त्या मुक्या कनेक्शनवर रिसीव्ह करत बसतो आणि खरी रिक्वेस्ट रांगेत. सॉकेटला रिसीव्ह टाइमआउट लावा किंवा पोल (अनेक सॉकेटवर एकदम नजर ठेवणारं फंक्शन) वापरा. मुद्दाम थेंब थेंब हेडर पाठवून सर्व्हर अडवणाऱ्या स्लोलोरिसलाही (2009) टाइमआउट हवाच. फक्त दर रिसीव्हला घड्याळ नव्याने सुरू करू नका, पूर्ण हेडर यायला मिळून एक मुदत ठेवा.

निवृत्त_स्विचवाला
मी वर म्हणालो तेच. पूर्ण येईपर्यंत वाचा.

रात्रपाळी
तेच नाही काका. तुमच्या पद्धतीत तो जन्मभर वाचत बसेल.

वाचनमात्र
वाखूसा (वाचनखूण साठवली). स्ट्रटॉकबद्दल कुणी तरी सविस्तर लिहा.

मेमरी_गळती
थोडक्यात: मूळ बफरमध्ये शून्यं पेरतं, लागोपाठ आलेले विभाजक एकच समजतं. म्हणजे हेडर संपल्याची रिकामी ओळ त्याला दिसतच नाही. एचटीटीपीत नेमकी तीच हवी असते.

चुकलेला_पॉइंटर
सगळ्यांचे आभार. सीजीआयचा मोह झाला, पण सेन्सरचे मागचे आकडे चालू प्रोसेसमध्ये आहेत आणि दर रिक्वेस्टला नवी प्रोसेस उठवून तिच्याशी बोलायचं म्हणजे आणखी एक सॉकेट आलं. पिको वाचलं, सुंदर आहे. तरी हातानेच लिहितोय. एकेक बाइट घेणारं स्टेट मशीन: मेथड, पाथ, व्हर्जन, नाव, व्हॅल्यू, रिकामी ओळ. बफर 8 केबीचा, पक्का. पार्सरची अवस्था स्ट्रक्टमध्ये, म्हणजे अर्धी रिक्वेस्ट आली तर पुढचा बाइट तिथूनच. लक्ष देणार फक्त होस्ट, कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंगकडे. तिसरं दिसलं की नकार. प्रत्येक उत्तरानंतर कनेक्शन बंद. हेडरसाठी एकूण पाच सेकंद. शंकेखोरताईंची यादी टेस्टमध्ये उतरवली, आता लॅपटॉपवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) लावून लिबफझरला (वेडावाकडा इनपुट मारत राहणारं टूल) जुंपलंय.

मेमरी_गळती
मग विचारलंस कशाला?

शंकेखोर_बाइट
त्याच टेस्ट पिकोवरही चालव आणि दोघांची उत्तरं ताडून बघ. जिथे पटणार नाहीत तिथे आरएफसी उघड.

उसगावचा_पाहुणा
पाच सेकंद कमी आहेत, गोदामातलं वायफाय कसं असतं माहितीये ना?

गोरेगावकर_काका
सेन्सर कुठला? डीएचटी11 असेल तर आर्द्रतेच्या आकड्यांवर विसंबू नका. आम्ही सगळे बदलून घेतले.

चुकलेला_पॉइंटर
एसएचटी31 आहे काका. ते पैसे गिऱ्हाइकाने दिले.