सर्वपित्रीची सकाळ आणि व्हान्स-वॉल्झ डिबेट

(२ ऑक्टोबर २०२४. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची, ट्रम्प यांचे जोडीदार व्हान्स आणि कमला हॅरिस यांचे जोडीदार वॉल्झ यांची, टीव्हीवरची डिबेट नुकतीच संपली आहे. त्यावर घरच्यांच्या गप्पा.)

आत्या (कराड): आज सर्वपित्रीचा स्वयंपाक आहे, तरी साडेसहाला टीव्ही लावला. व्हान्स आणि वॉल्झ दोघांनाही शेवटपर्यंत ऐकलं. पेन्सिल्वेनियाकर जागे आहेत का?

दादा (पेन्सिल्वेनिया): जागाच आहे आत्या, इथे रात्रीचे अकरा वाजलेत. मला व्हान्स सरस वाटला. चाळिशीचा माणूस, कुठे अडखळला नाही. वॉल्झ सुरुवातीला फार घाबरलेले दिसले. १९८९ मध्ये चीनमध्ये तिआनमेन हत्याकांड झालं तेव्हा हाँगकाँगला होतो असं आधी सांगितलं होतं, त्याबद्दल विचारल्यावर किती फिरून फिरून बोलले!

ताई (मिनियापोलिस): दादा, शेवटचा प्रश्नही सांग ना. २०२० ला ट्रम्प हरले की नाही, असं वॉल्झनी थेट विचारलं. व्हान्सनी उत्तर दिलं नाही, मी भविष्याकडे बघतोय म्हणाले. माझ्यासाठी डिबेट तिथेच संपली.

दादा: ते मलाही खटकलं. नाकारत नाही.

अप्पाकाका (पुणे): कोण छान बोललं हे सोडा रे. उद्या राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर बसायची वेळ आली तर कोण पेलेल, ते बघा. आपल्याकडे उपराष्ट्रपती नवी निवडणूक होईपर्यंतच काम बघतात. १९६९ ला झाकीर हुसेन गेले तेव्हा गिरींनी काही काळ तसंच काम पाहिलं. तिकडे उरलेली सगळी मुदत त्याच माणसाची. आजवर नऊ जण असे मध्येच राष्ट्राध्यक्ष झालेत. ट्रुमन तर उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते, आणि अणुबॉम्बचं काम चालू आहे हेही त्यांना नीट माहीत नव्हतं! ट्रम्प आता ७८ वर्षांचे आहेत. जुलैत बटलर गावच्या सभेत त्यांच्या कानाला गोळी लागून गेली. दोनच दिवसांनी व्हान्सचं नाव जाहीर झालं. हे नाव हलकं घेऊ नका.

ताई: काका, म्हणूनच मला वॉल्झ हवेत. माझ्याकडे ग्रीन कार्ड, मत नाही. पण २०२३ पासून इथल्या सरकारी शाळांत सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट आहे, त्या कायद्यावर गव्हर्नर म्हणून त्यांची सही आहे. कोणाच्या ताटाला गरिबीचा शिक्का नाही.

आत्या: हे मला फार पटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजायला लागली तशी माझ्या वर्गातली मुलं टिकायला लागली. भुकेलं पोर पाढे कसे म्हणेल? आणि वॉल्झ स्वतः मास्तर होते, ते कळतं.

वहिनी (पेन्सिल्वेनिया): मला मात्र दोन्हीकडच्या 'आपली मुलगी' फॉरवर्ड्सचा कंटाळा आलाय. व्हान्सची बायको उषा, तिचे आईवडील आंध्रचे, कमला हॅरिसची आई चेन्नईची. अभिमान आहेच. पण महागाई, मुलींच्या आरोग्याचे कायदे आणि सीमेचा प्रश्न आमच्या घरात रोज बोलला जातो. मत त्यावर देणार.

दादा: आमच्या दोघांचं अजून एकमत नाही. आणि राज्य हे असं अटीतटीचं, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी १९ इलेक्टोरल मतं असलेलं. दारावर रोज कोणी ना कोणी येतं. भाऊबीज ३ नोव्हेंबरला, मतदान ५ ला.

आत्या: एक सांगू? वॉल्झ म्हणाले, माझ्या मुलाने गोळीबार डोळ्यांनी पाहिलाय. व्हान्सनी लगेच वाईट वाटल्याचं सांगितलं, मुलाची विचारपूस केली. विरोधकाशी असं बोलता येतं, हे बघून बरं वाटलं.

अप्पाकाका: खरंय.

आत्या: चला, पान वाढायचंय. गच्चीवर कावळ्याला ठेवून येते. तुम्ही झोपा आता.