मिस्टरांचं कर्ज थकलंय, माझ्या नावावरचा फ्लॅट जाईल का?

लूमवाली_बाई:
मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, राहायला इचलकरंजीत. लग्नाआधी गृहकर्ज काढून कोल्हापुरात वन बीएचके घेतला. हप्ते माझ्याच पगारातून गेले, खरेदीखतावर एकटीचं नाव, तेही माहेरचं. मिस्टरांचे बारा लूम आहेत. कापडाला भाव नाही, व्यापाऱ्याकडे पेमेंट अडकलंय आणि पतसंस्थेचं कर्ज थकलंय. परवा वसुलीवाला आला आणि सासूबाईंसमोर म्हणाला, "मॅडम, तुमचा फ्लॅट आहे की! नवरा-बायकोचं काय वेगळं असतंय?" दीरही त्याच्याच सुरात. कर्ज नवंजुनं करताना मिस्टरांनी माझ्याही सह्या घेतल्या होत्या. मी गॅसपाशी पोहे परतत होते, ओट्यावरच कागद ठेवून केल्या. कशावर केल्या ते आता नीट सांगत नाहीत.

निवृत्त_शाखाधिकारी:
ताई, वसुलीवाल्याचं बोलणं सोडा. नुसत्या लग्नाने नवऱ्याचा तुमच्या फ्लॅटवर हक्क येत नाही आणि त्याचं कर्जही तुमच्या डोक्यावर बसत नाही. तुमच्या पश्चात तो वारस असेल, ते वेगळं. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालंच, तर वारसांनी फेडायचं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच.

पण ओट्यावरच्या सह्या! जामीनदार म्हणून सही असेल तर करार कायदा १८७२, कलम १२८ बघा. जेवढी जबाबदारी कर्जदाराची, तेवढीच जामीनदाराची. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असं म्हणता येत नाही. पगारावरही जप्ती येऊ शकते. नोकरदार जामीनदार संस्थांना आवडतो तो यासाठीच.

उद्याच लेखी अर्ज देऊन कर्जमागणी अर्ज, वचनचिठ्ठी (कर्ज फेडीन असं लिहून दिलेला कागद) आणि जामीनपत्राच्या नकला मागा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मूळ खरेदीखत तुमच्याच कपाटात आहे ना, तेही बघा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याची, म्हणजे थकबाकी वसूल करायच्या आदेशासाठीची, नोटीस आली असेल तर त्यात 'जाब देणार', म्हणजे ज्यांच्याकडून वसुली मागितली आहे ते, म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा, आणि तुमचं असेल तर सुनावणी चुकवू नका. पोस्टमन आला की दार लावून घेणारे पुढे फार रडतात.

पन्हाळकर:
एवढं कशाला? राहतं घर आजच मॅडमच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, विषय संपला.

निवृत्त_शाखाधिकारी:
अहो, असले सल्ले देऊ नका. कर्ज देणाऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं. थकबाकी असताना बायकोला फुकट दिलेलं घर पहिल्यांदा त्याच नजरेने बघतात.

म्हापशेकर:
आमच्या गोव्यात हा वसुलीवाला अर्धा बरोबर ठरला असता! पोर्तुगीज काळातल्या १८६७ च्या नागरी संहितेपासून आलेला नियम आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, लग्नाआधीचीसुद्धा, आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा. घर विकायचं किंवा गहाण ठेवायचं तर दोघांच्या सह्या. इन्कम टॅक्समध्येही त्यासाठी वेगळं कलम आहे. पगार ज्याचा त्याचा, पण माझ्या दुकानाच्या भाड्यातलं अर्धं उत्पन्न बायकोच्या रिटर्नमध्ये जातं. ती दर जुलैत विचारते, "कागदावरचं अर्धं हातात कधी देणार?"

लूमवाली_बाई:
नकला मिळाल्या. जामीनदार दोघे, दोन्ही मिस्टरांचे मित्र. माझी सही फक्त नाममात्र सभासदत्वाच्या अर्जावर आहे. खरेदीखत कपाटातच होतं. एवढ्याने मी अडकते का?

निवृत्त_शाखाधिकारी:
सभासद होणं म्हणजे जामीन राहणं नव्हे. वचनचिठ्ठीवरही सही नाही ना, तेवढं पुन्हा बघा. नसेल तर "मी या कर्जाला जामीनदार किंवा सहकर्जदार नाही" असं पत्र संस्थेला स्पीड पोस्टाने पाठवा. आणि ते दोघे मित्र आहेत ना, त्यांच्याशी मिस्टरांना आत्ताच बोलायला लावा. यापुढचा तगादा त्यांच्या दारात जाणार आहे.