एलएल.एम.ला फौजदारी घ्यावं की कॉर्पोरेट?

सांगलीकर_वकील
सनद मिळून दीड वर्ष झालं, सध्या सीनिअरकडे तारखा मागतोय. एलएल.एम.साठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, क्लॅट पीजी ही प्रवेश परीक्षा दिली आहे, आता स्पेशलायझेशन ठरवायचंय. घरचे म्हणतात कॉर्पोरेट घे, पैसा तिथंच आहे. मला फौजदारी घ्यायचंय. जिथं उभं राहायचं तोच विषय शिकावा, असं माझं सरळ मत. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगलीची हायकोर्टाची कामं तिकडेच जातात. मग कंपनी कायदा शिकून मी काय विश्रामबागेत लोणचं घालू?

फोर्टवाला
मत सरळ आहे, पण चुकीचं. उलटतपासणी कुठल्याही एलएल.एम.मध्ये शिकवत नाहीत. ती साक्षीदारासमोर चार वेळा तोंडावर पडूनच येते, आणि ती सोय तुझ्या सीनिअरकडे फुकट आहे. जे तालुका कोर्टात शिकायला मिळणार नाही, त्यासाठी फी भर. 2016 चा दिवाळखोरी कायदा घे. कंपनीनं कर्ज थकवलं की कलम 7 खाली बँक अर्ज घेऊन येते, कलम 9 खाली पैसे थकलेला पुरवठादार येतो. असे पुरवठादार सांगली-मिरजेत नाहीत का? त्यांचा अर्ज मात्र मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणात चालतो आणि ते वकीलही मुंबईचाच शोधतात.

मास्तरीणबाई
फोर्टवाले, अर्धंच बरोबर. 1 जुलै 2024 ला तिन्ही फौजदारी कायदे बदलले, तेव्हा जुने सीनिअरही पुन्हा विद्यार्थी झाले. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम 482 म्हणजे हायकोर्टात एफआयआर रद्द करून मागणं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 हा अटकपूर्व जामीन आहे आणि रद्द करायचा अधिकार 528 मध्ये गेलाय. नुसते आकडे बदललेत असं म्हणणाऱ्यांनी दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात. नव्या तरतुदींचा अर्थ कोर्टं अजून लावतायत. डिझर्टेशनला, म्हणजे एलएल.एम.च्या प्रबंधाला, याहून चांगली वेळ कोणती?

फोर्टवाला
डिझर्टेशन कपाटात जातं, बाई. पक्षकार त्याची पानं मोजून फी देत नाही.

मास्तरीणबाई
एकाच कलमावर सहा महिने बसलेला वकील युक्तिवादात लगेच ओळखू येतो. पक्षकाराला नाही कळलं तरी न्यायाधीशाला कळतं.

जेएमएफसी_अभ्यासू
न्यायाधीश व्हायचं असेल तर? मी त्यासाठीच एलएल.एम. करतोय, विषय कुठला का असेना.

फोर्टवाला
20 मे 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आहे. एलएल.एम. हा तिला पर्याय नाही.

मास्तरीणबाई
इथं मात्र मी यांच्या बाजूची. आणि उद्या शिकवायचं म्हणून कोणी विषय निवडत असेल, तर प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. न्यायशास्त्रापासून कौटुंबिक कायद्यापर्यंत सगळं करावं लागतं. स्पेशलायझेशन तिथं फारसं वाचवत नाही.

सांगलीकर_वकील
फोर्टवाल्यांचा कलम 9 चा मुद्दा डोक्यात राहिला. आमच्याकडे हळदीचे व्यापारी उधारीपायी चेक बाउन्सच्या केसेस लढत बसतात, तोही शेवटी फौजदारीच मामला. तरी फॉर्ममध्ये फौजदारीच भरतोय. दिवाळखोरी कायदा ऐच्छिक पेपर म्हणून मिळतो का, ते उद्या ऑफिसात विचारतो.

फोर्टवाला
मिळाला तर घे. नाही मिळाला तर सुट्टीत मुंबईला फोर्टात ये, फायली दाखवतो. चहा तुझ्याकडून.