मदत हवी आहे: वाक्याच्या शेवटी पडणारा आवाज कसा सांभाळावा?

नमस्कार मंडळी, नौपाड्यातल्या आमच्या वक्तृत्व सरावात ५ मिनिटांचं भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करून तीनदा तपासतो. आधी नुसता आवाज, मग आवाज बंद करून हातवारे आणि नजर, शेवटी शब्दशः उतरवून ‘म्हणजे’, ‘तर’, ‘आणि मग’ मोजायचे.

अडतंय ते वाक्याच्या शेवटी. श्वास संपतो, आवाज पडतो आणि नेमकं क्रियापदच बुडतं. मराठीत ‘आहे’ की ‘नाही’ तिथेच ठरतं, म्हणजे अर्थच गेला! वाक्यं १०-१२ शब्दांची केली, स्वल्पविरामाला श्वास घेतला, तरी माईकशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. यासाठी कोणता सराव करता?

आणि ठाणे-कळव्यात ३०-४० खुर्च्यांची, संध्याकाळी मिळणारी खोली कुणाला माहीत आहे का? पंखे बंद करता येणारी हवी, रेकॉर्डिंगमध्ये घरघर फार येते.