बॅटल ऑफ द बास्टर्ड्स: सान्सानं जॉनला आधीच सांगायला हवं होतं ना?

रानवाट_२१:
स्पॉयलर आहेत, गेम ऑफ थ्रोन्सचा सहावा सीझन बघायचा राहिलाय त्यांनी इथूनच मागे फिरा.

काल रात्री नववा एपिसोड परत बघितला, जॉन स्नो आणि त्याची बहीण सान्सा आपलं घर विंटरफेल रॅम्झी बोल्टनकडून परत घ्यायला लढतात तो. २०१६ ला आला तेव्हापासून किती वेळा झाला ते मोजलं नाही, पण रॅम्झी त्यांच्या कैदेतल्या धाकट्या भावाची, रिकॉनची, दोरी कापतो आणि म्हणतो पळ भावाकडे, तिथे जो माझा श्वास अडकतो तो थेट मदतीला आलेल्या वेल प्रांताच्या सैन्याचं शिंग वाजेपर्यंत. यावेळी मात्र शिंग वाजल्यावर हायसं वाटायच्या ऐवजी राग आला. सान्साचा. वेलचं सैन्य ज्याच्या हातात त्या लिटलफिंगरला पत्र हिनेच पाठवलेलं, वेलचं सैन्य येऊ शकतं हे फक्त हिला माहीत, आणि आदल्या रात्री तंबूत जॉन हिला तोंडावर विचारतो की अजून माणसं आणायची कुठून, सगळ्या घराण्यांचे उंबरे झिजवून झाले, तरी ही गप्प! दोन दिवस थांब एवढं जरी बोलली असती तरी ती मढ्यांची रास लागली नसती. मॉर्मंट घराण्याच्या छोट्या प्रमुखाने, लियानाने, ६२ माणसं दिली होती, तेवढीच होती त्या पोरीकडे, त्यातली परत किती गेली असतील?

मला खरंच समजून घ्यायचंय. ती गप्प बसली याला पात्राच्या बाजूने काही उत्तर आहे, की शेवटी प्रेक्षकांना धक्का द्यायचा म्हणून लेखकांनी तिला गप्प बसवलं?

काळा_कावळा:
माझ्या मते उत्तर नाही भावा, आणि मला त्याहून जास्त लागतं ते हे की जॉनचा प्लॅन चांगला होता. तंबूतलं बोलणं नीट ऐक, दोन्ही बाजूंना खंदक खणलेत, रॅम्झीला अंगावर येऊ द्यायचं, आपली मधली फळी मुद्दाम मागे सरकवायची, तो आत घुसला की तिन्ही बाजूंनी आवळायचा. जॉनचा सल्लागार दावोस तर बजावतो की काहीही झालं तरी आधी त्यांनीच आपल्यावर यायला पाहिजे. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलने रोमन लोकांना असंच गिळलं होतं, आकडा मोठा असून रोमन आतल्या आत चेंगरले. आता याला वेलचे घोडेस्वार जोड, टेकडीमागे लपवून ठेव, वेळ आली की सोड. लढाई लवकर संपली असती.

झालं काय, तर जॉन ज्या सापळ्यात रॅम्झीला घेणार होता त्याच सापळ्यात स्वतः अडकला. ढालींची ती भिंत, मधून बाहेर आलेले भाले, एक एक पाऊल टाकत आत सरकणारे, आणि चौथ्या बाजूला पळायला जागा नाही कारण तिथे प्रेतांचा डोंगर. शुद्ध चक्रव्यूह. तिथे मेलेले निम्मे वाइल्डलिंग, म्हणजे उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडचे लोक, तर जॉनच्या शब्दावर भिंतीच्या दक्षिणेला आले होते रे.

पानगळ:
मी सान्साच्या बाजूने बोलणार आणि जरा लांबण लागेल.

आधी तंबूतला सीन पूर्ण बघा, फक्त जॉनचा प्रश्न नका धरून बसू. सगळी मसलत संपते, दावोस जातो, वाइल्डलिंगांचा म्होरक्या टॉर्मंड जातो आणि तोवर तिला कोणी एका शब्दाने विचारलेलं नसतं. त्या छावणीत रॅम्झीला जवळून ओळखणारी ती एकटी, त्याच्या घरात, त्याच्या खोलीत राहिलेली. ती स्वतःहून सांगते की तो तुझ्यासाठी सापळा लावेल, त्याला जे हवंय ते करू नकोस. त्यावर जॉन काय म्हणतो? हे तर उघडच आहे. आणि दुसऱ्या दिवशी रॅम्झीला हवं होतं नेमकं तेच करतो. रिकॉन परत मिळणार नाही हे पण तिने सांगितलं होतं, तिच्या वडिलांचा, नेड स्टार्कचा, औरस मुलगा जिवंत असेपर्यंत विंटरफेल रॅम्झीला पचणार नाही म्हणून. ते बोलताना तिचा आवाज बघा, ती स्वतःच्या धाकट्या भावाबद्दल बोलतेय. जॉनला ते ऐकवत नाही, आणि त्याचं पण चुकत नाही, पण अंदाज तिचाच खरा होता.

दुसरं म्हणजे सैन्य येणारच आहे हे तिला तरी कुठे माहीत होतं? तिने पत्र पाठवलं, उत्तर आल्याचं आपल्याला दाखवलेलंच नाही. आणि पत्र कोणाला, तर ज्याने तिला रॅम्झीच्या घरात नेऊन दिलं त्याच माणसाला. मोल्स टाउन गावात तिने त्याला हाकलून दिलं होतं, मदत नको म्हणाली होती, आणि ती भेट जॉनपासून लपवली पण होती. आता परत त्याच्याकडे हात पसरले हे सांगायचं आणि तो आलाच नाही तर? ज्या मुलीवर विश्वास ठेवण्याची किंमत इतक्यांदा वसूल झालीय तिला ते एक वाक्य किती जड गेलं असेल.

सांगायला हवं होतं, मान्य. पण तिने मुद्दाम माणसं मरू दिली असं जे लोक लिहितात ते वाचून वाईट वाटतं.

काळा_कावळा:
@पानगळ सैन्य येईल न येईल हे धरलं तरी शक्यता आहे एवढं तर सांगता आलं असतं ना? जॉन थांबला असता.

पानगळ:
थांबला असता, आणि मग रॅम्झीला वेलचं सैन्य येतंय ही खबर लागली असती तर तो गडाबाहेर आला असता का? तंबूत दावोसला हीच भीती असते की तो आत बसून राहील. जॉन म्हणतो नाही बसणार, सगळा नॉर्थ बघतोय, तो घाबरला असं दिसलं तर त्याचा दरारा संपला. पण हे जॉनकडे मूठभर माणसं होती तोवर खरं. समोर खरंच मोठी फौज दिसली असती तर दरवाजे बंद करून बसला असता, थंडी तोंडावर, आणि रिकॉन आतच. सान्साने हा हिशोब केला असं मी म्हणत नाही, पण आधी सांगितलं असतं तर सगळे वाचले असते हे पण इतकं सरळ नाही.

तलवारीची_मूठ:
लढाईच्या चित्रीकरणाबद्दल थोडं सांगतो, कारण ज्या सीनमुळे @रानवाट_२१ तुला इतका त्रास झाला तो मुळात ठरलेलाच नव्हता. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये २५ दिवस शूटिंग चाललं, ५०० एक्स्ट्रा, ७० घोडे. त्यात पावसाने मैदानाचा पार चिखलराडा केला, पाय रुतायला लागले, आणि जे ठरवलं होतं ते उरलेल्या दिवसांत बसेना. तेव्हा दिग्दर्शक मिगेल सापोचनिकने जॉन पळणाऱ्या माणसांच्या पायाखाली तुडवला जातो, गाडला जातो, तो भाग सुचवला. म्हणजे ज्या मिनिटभरात आपल्याला वाटतं की हा आता गुदमरून मरणार, आवाज सगळे दबून जातात, नुसता त्याचा श्वास ऐकू येतो आणि मग तो हाताने माणसं बाजूला सारत वर येतो, ते सगळं अडचणीतून निघालंय. त्या वर्षी दिग्दर्शनाचा एमी मिळाला त्याला, आणि मला विचाराल तर त्या एका मिनिटासाठीच मिळायला हवा होता. टीव्हीवर लढाई आतून कशी असते ते त्याआधी मी असं बघितलं नव्हतं. बाहेरून बघताना डाव दिसतो, आत फक्त चिखल आणि दुसऱ्याची कोपरं.

निळी_शाल:
मला सान्सा जॉन कोण बरोबर यापेक्षा एक गोष्ट सुटत नाही. घोडा मेल्यावर जॉन एकटा उभा राहतो, समोरून सगळं घोडदळ सुटलेलं, आणि तो तलवार उपसून म्यान पट्ट्यासकट खाली टाकून देतो. लाँगक्लॉचं म्यान, चिखलात. परत लागणार नाही हे त्याने ठरवून टाकलंय. हे कोणी बोलून दाखवत नाही. मी तिथे दरवेळी रडते.

आणि रिकॉन नागमोडी का नाही पळाला असं विचारणाऱ्यांनी रॅम्झीचे आधीचे बाण बघा, तो मुद्दाम चुकवतोय, रिकॉनला मारणं हा त्याचा हेतूच नाही, जॉनला पुढे ओढायचंय. पोरगं कसंही पळालं असतं तरी शेवटचा बाण जॉनचा हात पोचायच्या आतच लागला असता.

रानवाट_२१:
सगळ्यांचं वाचून तंबूतला सीन परत लावला. @पानगळ तुझं पटलं, निदान अर्धं तरी. मी आजवर तो सीन जॉनच्या तोंडाकडे बघत बघितला होता, यावेळी मसलत चालू असताना ती मागे उभी आहे तिच्याकडे बघत राहिलो. ती बोलायची वाट बघतेय आणि कोणी मान वळवत नाही. मग जॉन म्हणतो मी तुझं रक्षण करीन, ती म्हणते कोणीच कोणाचं रक्षण करू शकत नाही. हे वाक्य मला आधी कडवट वाटायचं, काल वाटलं की पत्राची गोष्ट तिच्या अगदी ओठावर होती आणि त्याच वाक्यात ती गिळून टाकली.

राग पूर्ण गेलेला नाही. ती ६२ माणसं आणि जॉनच्या बाजूने लढलेला महाकाय वुन वुन डोक्यातून जात नाहीत, दरवाजा फोडून गुडघ्यावर बसलेला, अंगभर बाण, जॉनकडे बघतोय आणि तेवढ्यात डोळ्यात शेवटचा बाण. पण रॅम्झीला तुडवत असताना जॉनची नजर सान्साकडे जाते आणि त्याचा हात थांबतो, ते आता वेगळं दिसलं. तिचा हिशोब तिने चुकवायचाय हे त्याला न सांगता कळलं. दहाव्या एपिसोडमध्ये तटावर ती स्वतःहून माफी मागते, सांगायला हवं होतं म्हणते, आणि तो चिडत नाही, कपाळावर ओठ टेकवतो. तिने मागितली, त्याने दिली, मग मी अजून का धरून बसलोय कळत नाही. आज रात्री तो एपिसोड लावतोय.